राठोड मॅडमचं मांजरपाट

राठोड मॅडमना नमस्कार केला की त्या मान हलवून तो स्वीकारायच्या आणि लगेच विचारायच्या, "ही चप्पल केवढ्याला घेतली?" चप्पल जुनी असेल तर छत्री, छत्री नसेल तर हातातली पपई. माणसाकडे विकत घेतलेलं काहीतरी असतंच, असा त्यांचा विश्वास होता.

माझ्या वाट्याला चपलेचा प्रश्न आला, तोही कार्यालयातल्या पहिल्याच सकाळी. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सरकारसाठी आकडे गोळा करणाऱ्या एका लहानशा कार्यालयात मला कंत्राटी मदतनीस म्हणून घेतलं होतं. मी संख्याशास्त्र घेऊन नांदेडला बीएस्सी केलेली, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि अनोळखी माणसांसमोर दोन्ही भाषा घशातच राहायच्या. मी हळू आवाजात किंमत सांगितली.

"ही दुकानदारानं सांगितलेली, का तू दिलेली?"

"एकच," मी म्हणाले.

"म्हणजे घासाघीस केलीच न्हाईस!" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. पलीकडच्या टेबलावरच्या लिपिकाला म्हणाल्या, "बघा, असं बी गिऱ्हाईक असतं. इंग्लिश स्कूल." त्या दिवसापासून कार्यालयात माझं नाव 'इंग्लिश स्कूल' पडलं. मला ते आवडलं नाही, पण मी तसं कधी बोलले नाही.

मॅडमचं काम सांगायला सोपं होतं. ठरवून दिलेल्या गावांतल्या, ठरवून दिलेल्या दुकानांत दर महिन्याला जायचं आणि ठरवून दिलेल्या वस्तूंचे भाव लिहून आणायचे. तेच गाव, तेच दुकान, तीच वस्तू, तोच दर्जा. देशभरातून असे भाव गोळा होतात आणि त्यातून महागाईचा निर्देशांक निघतो, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात किंमत म्हणजे एक अक्षर होतं आणि त्याच्या पायाशी एक लहान आकडा. ते अक्षर सेनगावच्या जीपमध्ये मागच्या फळीवर, कोंबड्यांच्या डालीशेजारी बसून आणावं लागतं, हे पुस्तकात नव्हतं.

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या जवळ होत्या. ठेंगणा, भरलेला बांधा, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. बुटांवरून कोणी हसलं तर त्या पाय पुढे करून म्हणायच्या, "बायकांच्या मापात मजबूत मिळत न्हाईत. दर्जा तोच पाहिजे ना?" त्यांचं माहेर सेनगावच्या पुढच्या एका तांड्यावर. आई शेवटपर्यंत आरशांची काचोळी घालायची. मॅडम तांड्यावरून कॉमर्सची पदवी घेणारी पहिली मुलगी, आणि हे त्या स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्या कोणी सांगितलं तर विषय बदलायच्या. मात्र पणजोबांबद्दल सांगायच्या. "आमचे लोक बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. गावात शिरलं की पहिला सवाल भावाचा. मी बैल सोडले, सवाल ठिवला."

हा सवाल त्या कुठेही टाकायच्या. एकदा आमच्या लिपिकाचे सासरे वारले. आम्ही सगळे भेटायला गेलो. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, कोणी बोलेना. मॅडमनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग अगदी मायेने विचारलं, "सरपण केवढ्यानं मिळालं?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मयताची थोरली बहीण एकदम ताठ बसली. "काय सांगू बाई, लुटलं!" म्हणाली. मग दुसरीने तिच्या दिराच्या वेळचा भाव सांगितला, तिसरीने नारळाचा, चौथी म्हणाली की ओली लाकडं तोलून दिली. घरात माणसांचा आवाज परत आला. आम्हाला सोडायला बाहेर आलेला लिपिक मॅडमना म्हणाला, "तुमी पन कमाल करता." मॅडमना त्यात कमाल काय ते कळलं नाही. त्यांना खरोखरच सरपणाचा भाव हवा होता.

त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते मला त्यांच्या आवाजातच आठवतं: "सांगितलेला भाव नको. दिलेला भाव सांगा." सेनगावच्या एका किराणा दुकानात याचा अर्थ मला कळला. दुकानदार नवीन होता, जुन्या मालकाचा मुलगा. सरकारी बाई वही काढतेय म्हटल्यावर त्याने तुरीच्या डाळीचा भाव इतका कमी सांगितला की शेजारचा चहावालाही हसला. त्याला वाटलं, धाड आहे. मॅडमनी ना वाद घातला, ना काही लिहिलं. पोत्यावर बसल्या, बुटाची नाडी सोडली, परत बांधली, पोराबाळांची चौकशी केली. शेवटी एक शेतकरी आला, डाळ मागितली. दुकानदार मॅडमकडे पाहतो, गिऱ्हाइकाकडे पाहतो. खरा भाव सांगावा तर बाई बसलेली. खोटा सांगावा तर त्याच भावात डाळ द्यावी लागणार.

"काहून गप झालास?" शेतकरी म्हणाला. "डाळ हाय का न्हाई?"

दुकानदाराने मान खाली घालून खरा भाव सांगितला. शेतकऱ्याने घासाघीस केली, थोडा कमी करून घेतला, पैसे दिले. मॅडमनी तो शेवटचा आकडा लिहिला. "हा दिलेला," मला म्हणाल्या. मग दुकानदाराला, "भिऊ नको रे. मी भाव पाडायला आले न्हाई, चढवायला बी न्हाई. फकस्त इचारायला आले."

जीपमध्ये हमखास कोणीतरी त्यांना धरायचा. "मॅडम, एवढे भाव लिहिता, महागाई कमी काहून होईना?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "कंडक्टर बसमधली माणसं मोजतो. त्यानं बस रिकामी झालेली पाहिली का कदी?" जीप हसायची. मग त्या खरोखर समजावायला लागायच्या. मला पुस्तकापेक्षा ते जास्त कळायचं, आणि मी मान बाहेर वळवून नीट ऐकायचे.

"समजा एक घर हाय," त्या म्हणायच्या. "एका ठरलेल्या वर्षी त्या घरानं महिन्याची पिशवी भरली. ज्वारी, डाळ, तेल, मीठ, कापड, विडीकाडी, जे लागतं ते. त्या पिशवीला म्हना शंभर. आता दर महिन्याला तीच पिशवी परत भरायची. तेवढीच ज्वारी, तसंच कापड. आज ती भरायला शंभराच्या जागी किती लागतात, ती महागाई."

"मग मीठ दुप्पट झालं तर?" कोणी विचारायचा.

"मीठ घरात लागतं किती? दुप्पट होऊ द्या, पिशवीला कळनार न्हाई. ज्वारी थोडी चढू द्या, पिशवी फाटायला येते. ज्याचा खर्च मोठा, त्याचं वजन मोठं."

एकदा मी धीर करून विचारलं, "पण मॅडम, घरानं पिशवीच बदलली तर? ज्वारी सोडून गहू खायला लागलं तर?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बोलते का ही पोरगी!" मग म्हणाल्या, "तेच तर अवघड हाय. लोकं बदलतात, पिशवी तीच ऱ्हाते. काही वर्षांनी वरचे साहेब नवी पिशवी ठरवतात. तवर आमी जुनीच भरत बसायची."

भाजीचा भाव तर त्यांना चैन पडू द्यायचा नाही. आठवडी बाजारात मिरच्या, वांगी वाट्यावर विकतात. जमिनीवर लहान लहान ढीग, एका ढिगाला एक भाव. मॅडम वाटा विकत घेऊन धान्याच्या अडत्याकडे जायच्या आणि तोलून आणायच्या. "वाट्याचा भाव तोच हाय म्हनते माय," त्या त्या भाजीवालीला म्हणायच्या, "पन वाटा तर आजारातून उठल्यावानी दिसून राहिला." भाजीवाली तोंडाला पदर लावून हसायची. भाव न वाढवता भाव कसा वाढतो, ते मी त्या मिरच्यांवर शिकले.

आता मांजरपाटाकडे येते.

कळमनुरीच्या अलीकडे रस्त्यालगत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. आमच्या यादीतल्या गावांची नावं बाहेर सांगायची नाहीत असा नियम होता आणि ती सवय अजून सुटली नाही. तिथे गफूरचाचांचं कापडाचं दुकान होतं. आमच्या यादीत त्या दुकानातून घ्यायची एक वस्तू होती मांजरपाट, ते जाडंभरडं, कोरं पांढरं कापड, ज्याच्या बंड्या म्हातारी माणसं घालायची. मॅडम त्या दुकानात वर्षानुवर्षं जात होत्या, हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हापासून. चाचा त्यांच्यासाठी खुर्ची पुसायचे, चहा मागवायचे, फळीवरून मांजरपाटाचा तागा स्वतः काढून समोर उलगडायचे आणि भाव सांगायचे. तिथे मॅडम गिऱ्हाइकाची वाट पाहत नसत. "चाचाचा शब्द म्हणजे दिलेला भाव," म्हणायच्या.

एका उन्हाळ्यात भाव लिहून झाले होते, पण बस येत नव्हती. आम्ही दुकानातच बसून होतो. गावातली एक बाई आली. "चाचा, ते जाडं पांढरं कापड द्या हो. कुरडया वाळू घालायच्यात."

"न्हाई ना ताई," चाचा म्हणाले.

"न्हाई कसं? ते काय समोर पडलंय."

"ते विकायचं न्हाई."

"काहून?"

"ते मॅडमचं हाय."

बाई मॅडमकडे वळली. "तुमचं व्हय? मग घेऊन काहून जाईनात? इथं काहून ठिवलं?"

मॅडमच्या हातात चहाचा कप होता. चाचांनीच उत्तर दिलं, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "त्या घेत न्हाईत. त्या फकस्त भाव इचारतात. दर महिन्याला, न चुकता. त्यांच्यासाठी ठिवलंय."

"विकायचं न्हाई, तर भाव कशाचा?" बाई म्हणाली, आणि जुनं धोतर वापरीन म्हणत निघून गेली.

मॅडमनी कप खाली ठेवला. "चाचा, हे कापड शेवटचं कधी खपलं?"

चाचा आठवायला लागले. "ते हरिबुवा होते ना देवळाजवळचे, बंडी घालायचे. ते गेले, त्याच्या आदल्या दिवाळीला नेलं व्हतं." हरिबुवा कधी गेले ते मॅडमनाही ठाऊक होतं. त्याला बरीच वर्षं झाली होती.

"मग हा तागा?"

"एकदा उंदरानं कुरतडला, तवा नांदेडहून नवा आनला. तुमाला कुरतडलेलं दाखवायचं का? भाव बी तिथून बराबर इचारून येतो, त्यावर आपला नफा धरून सांगतो." मॅडमचा चेहरा पाहून ते गडबडले. "काय चुकलं का मॅडम? मागं एक बार माल संपला व्हता, मी न्हाई म्हनलो, तर तुमचं तोंड असं उतरलं. एवढ्या दुरून यायची तकलीफ घेता. तवाच ठरवलं, मॅडमला न्हाई म्हनायचं न्हाई. बेइमानी न्हाई केली."

"तुमी न्हाई केली चाचा," मॅडम म्हणाल्या.

बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर नवी बादली होती, तरी त्यांनी भाव विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच असायचं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला मॅडमची काळजीच होती. पर्यवेक्षक पदाच्या यादीत त्यांचं नाव वर होतं. बढती झाली की फिरणं संपणार, गुडघ्यांना आराम, आणि निवृत्तीआधी मोठ्या पदावर थोडी वर्षं. "तुम्ही लेखी दिलं की चौकशी लागेल," साहेब म्हणाले. "चौकशी चालू असताना नाव यादीत राहत नाही, तुम्हाला माहीत आहे. वस्तूंची नवी टोपली, तुमची ती पिशवी, येणारच आहे, मांजरपाट आपोआप जाईल. तोपर्यंत मागचाच भाव लिहा. कोणाचं काय बिघडतंय?"

मॅडम बाहेर आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. "इंग्लिश स्कूल, एक हिशोब करून दे. त्या कापडाचा भाव चुकीचा असंल तर निर्देशांक किती हलतो?"

मी करून दिला. पिशवीत मांजरपाटाचं वजन चिमटीएवढं, आणि आमचं गाव शेकडो गावांतलं एक. फरक दशांशाच्या पुढे कुठेतरी विरून जात होता. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"म्हणजे कोणाला कळलं नसतं?"

"नाही मॅडम. कोणालाच नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मग इतकी वर्षं बाकीचं सगळं बराबर आनलं, ते बी कोणाला कळलं नसंल."

बढतीची यादी निघायला थोडेच दिवस होते. त्या दिवसांत त्या नेहमीसारख्या फिरतीवर गेल्या, आल्या, पण यादीतल्या दुकानांबाहेर कोणाला भाव विचारला नाही. लिपिक नवा शर्ट घालून मुद्दाम दोनदा त्यांच्यासमोरून गेला, काही नाही. तो मला म्हणाला, "मॅडमला बरं न्हाई वाटतं." मी घरी गेल्यावरही त्यांचाच विचार करायचे. त्या लिहितील असं वाटायचं आणि लिहू नये असंही वाटायचं.

त्यांनी लिहून दिलं. हरिबुवांपासूनचे सगळे भाव सांगितलेले आहेत, दिलेले नाहीत, चूक माझी आहे, मी त्या दुकानात थांबत नव्हते, असं साध्या मराठीत. यादी आली तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्याहून बऱ्याच नंतर लागलेल्या एकाला बढती मिळाली. त्याने पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, खाल्ला आणि विचारलं, "किलोला काय घेतले?" सगळं कार्यालय एका सुरात हसलं, आणि मला वाटतं सगळ्यांनाच हायसं झालं.

चौकशीला वरून एक अधिकारी आला. त्याने मॅडमची सगळी दुकानं एकेक करून तपासली. बाकी कुठे काही निघालं नाही. पण गफूरचाचांना त्याने गिऱ्हाइकांसमोर उभं करून विचारलं, आणि ते चाचांना फार लागलं. "मी पाहुणचार केला, सायबाला तो गुन्हा वाटला," ते म्हणाले, साहेबाला नाही, मॅडमना. पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तर खुर्ची पुसलेली नव्हती आणि चहा आला नाही. मांजरपाटाच्या जागी आता टेरीकॉटचं शर्टाचं कापड घ्यायचं ठरलं होतं. अशा वेळी एक महिना जुन्या आणि नव्या, दोन्ही वस्तूंचे भाव एकत्र घेतात, म्हणजे तुटलेला धागा तिथे जोडता येतो. चाचांनी दोन्ही भाव भिंतीकडे बघत सांगितले. जुन्याला गिऱ्हाईक येणारच नव्हतं, म्हणून 'सांगितलेला' असा शेरा मारून मॅडमनी तो लिहिला. नव्याची जागा कोरी ठेवली.

"आता काय?" चाचा म्हणाले.

"आता गिऱ्हाईक येऊ द्या."

"माझ्या शब्दावर भरोसा न्हाई ऱ्हायला?"

"हाय चाचा. म्हणूनच तर गफलत झाली." आणि त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. चाचांनी त्यांना आत बोलावलं नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक यायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझं कंत्राट संपलं. नांदेडला एका बँकेत नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी मॅडमनी माझ्या पगाराचा आकडा विचारला, घरभाडं विचारलं, डब्याचा खर्च विचारला, मनातल्या मनात काहीतरी मांडलं आणि "भागंल" म्हणाल्या. मला खूप काही बोलायचं होतं. मी फक्त त्यांच्या पाया पडले.

नांदेडला निघाले तो त्यांच्या फिरतीचा दिवस होता, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. त्या गावाच्या थांब्यावर बस थांबली. चालक चहाला उतरला. रस्त्यापलीकडे चाचांचं दुकान दिसत होतं आणि ओट्यावर मॅडम बसलेल्या, पिशवी मांडीवर, बूट पुढे पसरलेले, उन्हात. एक तरुण माणूस सायकल लावून दुकानात शिरला. मॅडमना तो दिसला नव्हता. त्या शेजारच्या शेळीकडे पाहत होत्या. मला खिडकीतून हाक मारावीशी वाटली, पण आवाज तिथवर गेला नसता, आणि मला तशा हाका मारता येत नाहीत.

तेवढ्यात चाचा गल्ल्यावरून उठून दारात आले. हात उंचावून त्यांनी मॅडमना आत यायची खूण केली, घाईची, अधीर, गिऱ्हाईक निसटून जाईल अशी. मॅडम गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. चाचांनी आतली खुर्ची ओढून पुढे घेतली. खांद्यावरच्या रुमालाने ती पुसताना ते मला दिसले, आणि बस सुटली.